मासा ओरडत नाही

पहाटे ठाण्याच्या तलावपाळीवर फिरायला जाणाऱ्यांना एक दृश्य चांगले परिचयाचे आहे. मासुंदा तलावाच्या काठाशी कोणी कणकेच्या गोळ्या, कोणी कुरमुरे, तर कोणी पावाचे तुकडे पाण्यात टाकीत असतात. क्षणार्धात पाणी हलू लागते. दहा-वीस तोंडे एकदम वर येतात, उघडतात, मिटतात. आजोबा शेजारच्या नातवाला सांगतात, "बघ बाळा, किती भुकेले आहेत बिचारे!" आजोबांच्या दयेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही एक प्रश्न उरतो. तोंड उघडून पाण्यावर आलेला मासा दर वेळी भुकेलाच असतो काय? तो गुदमरत असेल तर? भुकेल्याला अन्न देणे हे पुण्य खरे. परंतु गुदमरणाऱ्याच्या पाण्यात आणखी कणीक कालवली, तर त्या दयेचे फळ त्याला काय मिळेल?

ठाण्याचे आणि जलचरांचे नाते आपल्या घरांत जुने आहे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिलच्या ओळीत श्रीपाल-मयणासुंदरीची कथा आपण ऐकतो. धवल शेठने लोभापायी समुद्रात लोटलेल्या श्रीपालाला मगरमत्स्याने पाठीवर घेतले आणि कोकणच्या किनाऱ्यावर, ठाणानगरीपाशी, सुखरूप पोहोचवले, असे ती कथा सांगते. टेंभी नाक्यावरील ज्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराला आपण कोकण शत्रुंजय म्हणतो, त्या भगवंतांचे लांछनही कूर्म, म्हणजे कासवच आहे. कथेतला जलचर माणसाचे संकट ओळखतो. आज तळ्यात, हौदात, काचेच्या पेटीत माणसाने पाळलेला जलचर संकटात असेल, तर ते आपल्याला ओळखता येते काय, हा या लेखाचा विषय आहे.

अदृश्य राहिलेला पंचेंद्रिय

गाय हंबरते, कुत्रा विव्हळतो, जखमी कबुतर पंख फडफडवते. आपले लक्ष आपोआप तिकडे जाते. मासा ओरडत नाही. त्याला पापण्या नाहीत, चेहऱ्यावर दुःख दाखवणारे स्नायू नाहीत, आणि तो राहतो तेही आपल्या नजरेआड, पाण्याखाली. म्हणूनच पशुपक्ष्यांच्या दुःखाविषयी हळव्या असलेल्या समाजांतही माशाचे दुःख मोजले गेले नाही. ज्याच्याविषयी इतके मौन आहे, त्याची संख्या पाहिली तर मन थक्क होते. 2019 या एका वर्षात जगभर मत्स्यशेतीत वाढवून मारलेल्या माशांची संख्या संशोधकांच्या अंदाजानुसार 78 ते 171 अब्ज होती. मत्स्यसंवर्धनात आपल्या देशाचा क्रमांक जगात दुसरा लागतो.

जैन परंपरेने माशाविषयी कधी संदेह ठेवला नाही. 'जीवविचार' प्रकरण शिकलेल्या पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते की मत्स्य हा पंचेंद्रिय तिर्यंच, जलचर. विज्ञान या प्रश्नाकडे उशिरा वळले. 2003 साली ब्रिटनमधील लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर व तोंडापाशी इजेची संवेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. ओठांत सौम्य आम्ल टोचल्यावर ते मासे तळाशी डोलू लागले, खड्यांवर ओठ घासू लागले आणि कितीतरी वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. वेदनाशामक दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. माशाचा मेंदू सस्तन प्राण्यांसारखा नसल्याने त्याला आपल्यासारखी वेदना होत नसावी, असे मानणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. परंतु मासा ताणाखाली येतो, आणि तो ताण मोजता येतो, याविषयी दोन्ही पक्षांत वाद नाही.

ताण म्हणजे मोडलेले भांडवल

ताण ही कल्पना शरीरशास्त्रात 1936 साली हान्स सेल्ये यांनी मांडली. व्यापारी माणसाला ती समजावून सांगणे कठीण नाही. अचानक संकट आले की दुकानदार राखीव गंगाजळीला हात घालतो. संकट टळले की ती पुन्हा भरून निघते. मात्र संकट रोजचेच झाले, तर हळूहळू मूळ भांडवल मोडून खाण्याची पाळी येते. बाहेरून दुकान उघडे दिसते, पाटी झळकते, आणि आत पेढी पोखरलेली असते.

माशाच्या शरीरात नेमके असेच घडते. जाळे पडले, पाणी बिघडले, गर्दी झाली की काही मिनिटांत त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ताणाच्या प्रसंगी माणसाच्या रक्तात वाढते तेच हे संप्रेरक होय. त्यामागून रक्तातील साखर वाढते, कल्ल्यांची उघडझाप जलद होते, श्वास वाढतो. धोका टळला तर काही तासांत सारे पूर्ववत होते. परंतु गर्दी व घाण आठवडेच्या आठवडे कायम राहिली, तर वाढ खुंटते, रोगप्रतिकारशक्ती घटते, आणि एरवी निरुपद्रवी ठरणारे जंतूही जीवघेणे ठरतात.

चार वह्या

माशाची सुस्थिती पाहणारे जाणकार एकाच खुणेवर विसंबत नाहीत. रोजमेळ, खतावणी, साठ्याची वही आणि बँकेचा उतारा एकमेकांशी ताडून पाहावा, तशा ते चार वह्या ताडून पाहतात.

पहिली वही पाण्याची. एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात मात्र जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळू शकतो. मासा जगतो तो एवढ्या अल्प पुंजीवर. रोहू, कटला, मृगळ या आपल्याकडील पाळीव माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू हवा. तीनच्या खाली गेला की ताण सुरू होतो. दिवसा पाण्यातील हिरवी शेवाळे उन्हात प्राणवायू तयार करतात, रात्री तीच तो वापरतात. म्हणून कोणत्याही तळ्यात सर्वांत कठीण वेळ असते ती सूर्योदयापूर्वीची. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. पाणी जितके उष्ण आणि अल्कधर्मी, तितका तो अधिक विषारी.

दुसरी वही वर्तनाची. मासे कळपाने शांत पोहतात की सैरावैरा? खाद्य टाकताच उत्साहाने येतात की तोंड फिरवतात? अंग तळाशी किंवा भिंतीवर घासतात काय? एखादा एकटा कोपऱ्यात पडून आहे काय? भूक मंदावणे ही बहुधा सर्वांत आधी दिसणारी खूण असते, आणि ती पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. कल्ल्यांवरील झाकणाची उघडझाप मिनिटाला किती होते, हे घड्याळ हाती घेऊन कोणालाही मोजता येते.

तिसरी वही शरीराची. झिजलेले पर, निघालेले खवले, अंगावर साचलेला चिकट स्राव, धूसर डोळे, चिकटलेल्या उवा, खोल गेलेले पोट: दाटीत आणि दुर्लक्षात गेलेल्या दिवसांचा हा लेखी पुरावा असतो. वर्तन आजचे सांगते, शरीर गेल्या महिन्याचे सांगते.

चौथी वही रक्ताची. येथे प्रयोगशाळा लागते, आणि एक अडचणही येते. रक्त घेण्यासाठी मासा पकडला, की पकडण्यानेच कॉर्टिसॉल वाढू लागते. मोजणाऱ्याचा हातच हिशेब बिघडवतो. म्हणून रक्त काही मिनिटांच्या आत घ्यावे लागते. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी माशाला स्पर्शही न करता मोजण्याच्या रीती शोधल्या. कल्ल्यांवाटे कॉर्टिसॉल पाण्यात झिरपते, म्हणून ते पाण्यातच मोजता येते. खवल्यांत ते साचत जाते, म्हणून खवल्यावरून दीर्घकाळच्या ताणाचा अंदाज येतो. आणखी एक सावधगिरी अशी की, फार काळ त्रास सोसलेल्या माशात कॉर्टिसॉल कमीही आढळू शकते, कारण ते निर्माण करण्याची शक्तीच थकलेली असते. एकाच वहीतील एका आकड्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा आपल्या वाडवडिलांनी मुनीमजींना वेगळ्या संदर्भात दिलाच होता.

वर्सोव्याचे काम, नॉर्वेची रीत

हे संशोधन केवळ परदेशांत चालते असे नाही. मुंबईत वर्सोवा येथे 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. तेथील शास्त्रज्ञांनी मृगळ माशाच्या बोटुकलीवर, म्हणजे बोटभर लांबीच्या पिल्लांवर, केलेले काम 2009 साली प्रसिद्ध झाले. दाट गर्दीत ठेवलेल्या पिल्लांच्या रक्तातील ताणाच्या खुणा त्यांनी मोजल्या आणि खाद्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळल्यास तो ताण सौम्य होतो व वाढ सुधारते, असे दाखवले. काम मोलाचे आहे; परंतु वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहावा. गर्दी तशीच ठेवून औषधाने ताण कमी करावयाचा, की गर्दीच कमी करावयाची? मोजमाप आपल्याला त्रास किती आहे एवढे सांगते. पुढचा निर्णय मोजपट्टीचा नव्हे, माणसाचा असतो.

नॉर्वेतील संशोधकांनी सॅमन माशासाठी 2013 साली एक निर्देशांक मांडला. पाण्याचे तापमान, प्राणवायू, दाटी, भूक, मृत्यूचे प्रमाण, परांची व कातडीची अवस्था अशा अनेक खुणांना गुण देऊन पिंजऱ्यातील माशांच्या सुस्थितीचा एकत्रित अंदाज त्यावरून घेतला जातो. आपल्याकडे 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला, आणि पाळीव माशांचे बीज हवे तेव्हा मिळू लागले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो. उत्पादनाचे शास्त्र अशा रीतीने पुढे गेले. रोहू-कटल्याच्या सुस्थितीची गुणपत्रिका मात्र अजून शेततळ्याच्या बांधापर्यंत आलेली दिसत नाही.

जिवंत आहे, म्हणजे सुखी आहे?

"मासे मरत नाहीत ना, मग झाले!" असे उत्तर अनेकदा ऐकू येते. ते किती फसवे आहे, हे परदेशी मागूर माशाच्या उदाहरणावरून कळते. हा मासा हवेतून थेट श्वास घेऊ शकतो. म्हणून इतर मासे तासाभरात मरतील अशा कुबट, दाट पाण्यातही तो जिवंत राहतो. आणि नेमक्या याच गुणामुळे त्याला तसे ठेवले जाते. कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर तो पोसला जातो, आणि तळ्यातून निसटला तर नद्यांतील देशी मासे फस्त करतो. केंद्र शासनाने त्याच्या संवर्धनावर 2000 साली बंदी घातली. तरीही तो चोरून वाढवला जात असल्याच्या बातम्या येतच राहतात. सहनशक्ती हाच येथे त्या जिवाचा शाप ठरला.

याच शापाचे लहान रूप आपल्या घरांतही दिसते. 'फायटर' म्हणून विकला जाणारा रंगीत मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून तो पेल्याएवढ्या भांड्यात ठेवून विकतात. डोंबिवलीतील एका स्नेह्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी शोभेसाठी आणि वास्तूसाठी ठेवलेले काचेचे गोल भांडे होते. त्यात दोन गोल्डफिश. दर दोन-तीन महिन्यांनी एक मरे, आणि "घरावरचे संकट त्याने आपल्यावर घेतले," असे म्हणून नवा आणला जाई. चौकशी केली तेव्हा कळले की भांड्याला पंप नव्हता, पाणी थेट नळाचे घालीत, आणि खाद्य दिवसातून चार वेळा, येणारा प्रत्येक मुलगा टाकीत असे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन, कुजणाऱ्या खाद्याचा अमोनिया आणि अरुंद तोंडामुळे अपुरा प्राणवायू: माशाने कोणाचे संकट घेतले नव्हते, संकट त्याच्यावर रोज घातले जात होते. योग्य जागा मिळाली तर गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगतो, हे ऐकून ते गृहस्थ बराच वेळ स्तब्ध राहिले. त्यांनी भांडे काढून टाकले. पुन्हा मासा आणला नाही.

व्यापाऱ्यापुढचा प्रश्न

"आम्ही मासे खात नाही, मग मत्स्यशेतीतील ताणाशी आमचा संबंध काय?" असे कोणी विचारील. संबंध भांडवलाचा आहे. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून राज्यात शेततळी वाढली. 2020 साली केंद्राची 20,050 कोटी रुपयांची मत्स्यसंपदा योजना आली. खाद्य, पेंड, मीठ, बर्फ, प्लॅस्टिकचे अस्तर, पंप, कर्जपुरवठा, या साऱ्यांत व्यापारी समाज आहे. श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवर-तलाव शोषणाचा उल्लेख आहेच; पाण्यातील जिवांवर धंद्याचा परिणाम होतो, हे आपल्या पूर्वजांनी विसरू दिलेले नाही.

कल्याणमधील एका परिचित कुटुंबाकडे मध्यंतरी बायोफ्लॉक पद्धतीच्या टाक्यांत पैसे गुंतवण्याचा प्रस्ताव आला. थोड्या जागेत भरपूर मासे, नफा चांगला. घरातील वडीलधाऱ्यांनी कागद शांतपणे वाचून तीनच प्रश्न विचारले: "पाण्याची नोंद रोज कोण ठेवतो? रात्री वीज गेली तर मासे किती वेळ तग धरतात? आणि शेवटी ते मरतात कसे?"

पहिल्याला अर्धवट उत्तर मिळाले. दुसऱ्याचे उत्तर प्रामाणिक होते: "शेठ, पंप बंद पडला आणि जनरेटर नसेल, तर सकाळपर्यंत सगळा माल जाऊ शकतो." तिसऱ्याचे उत्तर समोरच्या माणसाने कधी शोधलेच नव्हते. सामान्यतः मासा पाण्याबाहेर गुदमरून किंवा बर्फात टाकल्यावर मरतो. ट्राउटवरील प्रयोगांत थंडीमध्ये ही शुद्ध हरपण्याची वेळ कमी न होता कित्येक मिनिटांनी लांबते, असे आढळले आहे. वडीलधाऱ्यांनी कागद परत केला. "आपण जे विचारू शकत नाही, त्यात पैसा घालू नये," एवढेच ते म्हणाले.

काही वाचक उलट बाजूने विचारतील: माशांचा ताण कमी कसा करावा याची चर्चा करणे म्हणजे त्यांच्या वधाला अनुमोदनच नव्हे काय? शंका गंभीर आहे. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांतील भेद जैन मन नीट जाणते. परंतु दुःख मोजणे म्हणजे त्याला मान्यता देणे नव्हे. उलट, न मोजलेल्या दुःखाविषयी कोणीही सहज म्हणू शकतो की ते नाहीच. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील 'प्राणी' या व्याख्येत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव येतो, म्हणजे मासाही येतो. मात्र कोठे क्रूरता झाली, हे दाखवण्यासाठी ती ओळखता यावी लागते. मौन पाळून माशाचे काहीच भले होत नाही.

उद्या सकाळी काठावर

शेवटी पुन्हा तलावपाळीवर येऊ. काठावर उभे राहून भूक आणि गुदमरणे यांतील फरक ओळखता येतो. भुकेला मासा अन्न पडते तेथे येतो, झडप घालून खाली जातो, आणि सावली पडली किंवा पाय वाजला की चपळाईने बुडी मारतो. गुदमरणारा मासा अन्न नसतानाही वर असतो. तळ्यात जागोजागी तशीच तोंडे उघडी-मिटी होत असतात. तो सुस्त असतो, माणूस जवळ आला तरी बुडत नाही. आणि हे दृश्य बहुधा पहाटे, ढगाळ हवेनंतर किंवा उकाड्याच्या दिवसांत दिसते. अशा वेळी टाकलेला प्रत्येक गोळा कुजताना उरलासुरला प्राणवायू खातो. ठाण्यातील तलावांत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. त्यामागे सांडपाणी, निर्माल्य अशी मोठी कारणे असतात. पण कणीक आणि पाव त्यात भरच घालतात.

म्हणून दान देणाऱ्या हाताने आधी घटकाभर थांबावे. मासे गुदमरताना दिसले तर पिशवी परत न्यावी आणि महापालिकेला कळवावे. कारंजे किंवा हवा मिसळणारे यंत्र सुरू झाले, तर मणभर कणकेने होणार नाही ते काम होते. जीवदया म्हणून बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन अनोळखी तळ्यात सोडू नयेत; पाण्याच्या बदलाने ते मरू शकतात, जगले तर तेथल्या जिवांवर संकट आणतात, आणि विक्रेता दुसऱ्या दिवशी तितकेच मासे पुन्हा आणतो. घरात काचपेटी असेल तर मुलांना खाद्याचा डबा देण्याआधी एक छोटी वही द्यावी: आज मासे कसे पोहले, खाल्ले की नाही, कल्ले किती वेगाने हलले. वही लिहिणे हे आपल्या घरांत परके नाही.

त्या आजोबांनी नातवाला "किती भुकेले आहेत" असे सांगण्याऐवजी उद्या एवढेच म्हणावे: "थांब बाळा, आधी बघू, त्यांना काय हवे आहे."